चांदबिबी आणि तिचा खजिना

गुप्तधनाच्या शोधाची कादंबरी आवडत नाही असा वाचक विरळाच. एखादा जीर्ण नकाशा, पडक्या किल्ल्यातील भुयार, दगडावर कोरलेली सांकेतिक खूण आणि मागावर असलेला एखादा खलपुरुष, एवढी सामग्री जमली की पुस्तक हातातून सुटत नाही. इंग्रजीत स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ने १८८३ मध्ये आणि रायडर हॅगर्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ने १८८५ मध्ये या प्रकाराला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. पुढे अशा कथांत खऱ्या इतिहासाची आणि कल्पनेची बेमालूम सरमिसळ होऊ लागली. आपल्या नगरला मात्र अशी कथा बाहेरून आणावी लागत नाही. भुईकोट किल्ला आहे, शूर राणी आहे, तोफेतून सोन्याचे गोळे उडविल्याची दंतकथा आहे आणि उरलेला खजिना जमिनीत पुरून ठेवल्याची कुजबुजही आहे. ही कथा मीही लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु त्या राणीचे चरित्र वाचू लागलो, तेव्हा दंतकथेपेक्षा ते चरित्रच मला अधिक थरारक वाटले. तेच येथे थोडक्यात सांगतो.

चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा. अहमदनगरचा सुलतान हुसेन निजामशहा हा तिचा पिता आणि खुंजा हुमायून ही तिची माता. आज आपण पाहतो तो दगडी कोट याच हुसेन निजामशहाने बांधून काढला. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दक्षिणेतील सुलतान एकत्र आले, तेव्हा ही युती पक्की करण्यासाठी चांदबिबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला हुंडा म्हणून विजापूरला मिळाला. थोडक्यात, दोन राज्यांच्या तहनाम्यातील एक कलम म्हणूनच ही मुलगी सासरी गेली. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई होऊन विजयनगरचा पाडाव झाला.

विजापुरात तिने पतीच्या बरोबरीने राज्यकारभार पाहिला. फारसी, अरबी, तुर्की यांबरोबर तिला मराठी आणि कानडीही येत असे, ती वीणा वाजवी आणि फुलांची चित्रे काढी, असे सांगतात. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला अपत्य नव्हते. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि त्याचे पालकत्व चांदबिबीकडे आले. बालराजा आणि विधवा राणी असे चित्र दिसताच सरदारांच्या महत्त्वाकांक्षा जाग्या झाल्या. कामिलखान उन्मत्त झाला म्हणून तिने किशवरखानाकरवी त्याला दूर केले, तर किशवरखानाने तिलाच सातारच्या किल्ल्यात कैदेत टाकले. अखेर इखलासखान आदी हबशी सरदारांनी किशवरखानाला पळवून लावले आणि तिची सुटका झाली. पुढे ती माहेरी अहमदनगरला आली.

परंतु माहेरची अवस्था सासरपेक्षाही बिकट होती. १५८८ मध्ये तिचा भाऊ मुर्तजा निजामशहा याला त्याच्याच मुलाने ठार केले आणि तो पितृघातकी मुलगाही वर्षभरात मारला गेला. दुसरा भाऊ बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला. त्याचा मुलगा इब्राहिम काही महिन्यांतच विजापूरकरांशी लढताना पडला. मग एका गादीसाठी चार पक्ष उभे राहिले. मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा पुढे केला, इखलासखानाने दुसराच कोणी उभा केला, अभंगखानाने वृद्ध शहाअलीला हाताशी धरले आणि चांदबिबीने इब्राहिमच्या तान्ह्या मुलाचा, बहादूरचा, हक्क उचलून धरला. या गोंधळात मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला मदतीस बोलावले. मोगल सेना नगरच्या वेशीवर आली, तेव्हा मंजूला पश्चात्ताप झाला आणि तो शहर सोडून निघून गेला. घरातील भांडण शेजाऱ्याकडे नेले की शेजारी घरच मागतो, हा धडा त्याला उशिरा कळला.

डिसेंबर १५९५ मध्ये वेढा पडला. मुरादबरोबर खानखानान अब्दुर्रहीम होता, म्हणजे आपण हिंदीच्या वर्गात ज्याचे दोहे शिकतो तोच रहीम. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. गुप्तधनाच्या कादंबरीत असतात तशी ही भुयारे! फरक इतकाच, की त्यांच्या टोकाशी सोन्याऐवजी दारू ठासलेली होती. ख्वाजा महंमदखान शिराझी नावाच्या मोगल छावणीतील एका गृहस्थाने ही बातमी आत पोहोचविली. चांदबिबीने आतून खणून सुरुंग शोधण्यास प्रारंभ केला. दोन निकामी झाले. तिसरा रिकामा करण्याचे काम चालू असतानाच त्याचा स्फोट झाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. पुष्कळ सरदारांनी पळ काढण्याची तयारी केली. त्या क्षणी अंगावर चिलखत, मुखावर बुरखा आणि हातात नंगी तलवार अशी चांदबिबी खिंडारात येऊन उभी राहिली. उरलेले सुरुंग उडतील या आशेने मोगल थांबून राहिले, तेवढ्या वेळात तिने खिंडारावर तोफा आणविल्या. सायंकाळपर्यंत हल्ल्यामागून हल्ले परतविले गेले आणि रात्रभर स्वतः उभे राहून तिने भिंत पुन्हा चढविली. विजापूरहून सुहेलखान मदतीस निघाला होता आणि मोगल छावणीत दाणावैरणीची टंचाई व आपसातील हेवेदावे होते. शेवटी १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड मोगलांना मिळाले आणि अहमदनगर बहादूरकडे राहिले.

सोन्याच्या गोळ्यांची दंतकथा याच वेढ्याशी जोडलेली आहे. लोखंडी गोळे संपले तेव्हा राणीने तांब्याचे, मग चांदीचे, मग सोन्याचे गोळे उडविले आणि शेवटी अंगावरचे जवाहीरही तोफेत घातले, असे म्हणतात. या कथेचे मूळ मला अन्यत्र दिसते. तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशहाच्या तोफखान्याने तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या तोफांत ठासून शत्रूवर डागल्या, अशी नोंद फिरिश्ता करतो. हा इतिहासकार काही काळ निजामशाहीच्या चाकरीत होता, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आहे. पित्याची तांब्याची नाणी लोकांनी कन्येच्या हाती सोन्याची करून दिली असावीत, असा माझा तर्क आहे. शिवाय गंमत अशी, की जी राणी सारे जवाहीर तोफेतून उडवून मोकळी झाली, तिनेच ते पुरून ठेवले असेही आपण म्हणतो! दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील?

तहानंतर चार वर्षेही शांतता लाभली नाही. १५९७ मध्ये गोदाकाठच्या लढाईत खानखानानाने सुहेलखानाचा पराभव केला. १५९९ मध्ये मुराद वारला, पण त्याच्या जागी शहाजादा दानियल आला. १६०० मध्ये नगरला पुन्हा वेढा पडला. या वेळी ना बाहेरून मदत होती, ना आत एकी. किल्ला सोडून देऊन बालराजासह जुन्नरला जावे आणि राजवंश वाचवावा, असा विचार चांदबिबीने केला. हमीदखानाने तोच विचार फितुरीच्या नावाने शहरभर ओरडून सांगितला. खवळलेला जमाव महालात शिरला आणि जिने खिंडारात उभे राहून किल्ला वाचविला होता, तिला तिच्याच माणसांनी ठार केले. ऑगस्टमध्ये सुरुंग लावून मोगलांनी किल्ला घेतला. जवाहीर आणि राजघराण्याचा ग्रंथसंग्रह विजेत्यांच्या हाती पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

म्हणजे खजिना कोठे गेला हे इतिहासाला ठाऊक आहे. त्यानंतर हा किल्ला मोगलांकडून १७५९ मध्ये पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे आणि १८०३ मध्ये वेलस्लीकडे गेला. एवढ्या धन्यांनी पायाखालची मोहोर तशीच सोडली असेल काय?

चांदबिबीला कादंबरीत नेले ते मेडोज टेलर या इंग्रजाने. निजामाच्या चाकरीत त्याने आयुष्य काढले आणि नळदुर्गचा कारभारही पाहिला. त्याची ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. योगायोग असा, की त्याच साली सरकारने निखात निधीचा कायदा केला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास कलेक्टरला कळविले पाहिजे, असे तो सांगतो. कादंबरीतल्या नायकाला असली अडचण कधी येत नाही! पण कादंबरीबाहेर गुप्तधनाच्या लोभाने जुन्या वास्तूंचे पाये उकरले गेले आहेत, आणि भोंदूंच्या नादाने अघोरी प्रकारही घडले आहेत. महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा उल्लेख करावा लागला, यावरून हे वेड किती खोल आहे ते कळावे.

१९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू याच किल्ल्यात बंदिवान होते. बागेसाठी जमीन खणताना त्यांना जुन्या भिंतींचे आणि घुमटांचे अवशेष लागले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच ही हकीकत आणि चांदबिबीची आठवण आहे. कुदळीला धन लागले नाही, पण त्या खणण्यातून इतिहासाचा विचार सुरू झाला.

शाहडोंगरावरील ज्या वास्तूला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती वास्तविक सलाबतखानाची कबर आहे. सहलीला गेलेले किती विद्यार्थी हे जाणतात? थरारकथा अवश्य वाचाव्यात, मीही वाचतो. परंतु कथा मिटल्यावर खरे काय घडले हे विचारण्याची सवय हवी. नाहीतर न पुरलेले सोने आपण शोधत राहू, आणि एका स्त्रीने रात्रभर उभे राहून बांधलेली भिंत कोणाच्या ध्यानातही राहणार नाही.