गॅलिलिओ : उतरत्या फळीवर सापडलेली गती

आपल्या घरातल्या नववी-दहावीच्या मुलांना न्यूटनचे गतीविषयक तीन नियम पाठ असतात. त्या नियमांची जमीन ज्याने तयार केली, त्या गॅलिलिओला आपण मात्र बहुधा दुर्बिणीपुरतेच ओळखतो. म्हणून या वेळी आम्ही त्याचे चरित्र गतीच्या बाजूने सांगत आहोत.

१५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा येथे गॅलिलिओचा जन्म झाला. वडील व्हिन्चेन्झो संगीतकार होते. मुलाने वैद्य व्हावे, ही त्यांची इच्छा. पण मुलगा गणितात रमला आणि पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. पुढे १५८९ मध्ये त्याच विद्यापीठात तो गणित शिकवू लागला. १५९२ पासून अठरा वर्षे तो पादुआला होता.

जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते आणि ढकलणे थांबले की वस्तूही थांबते, असे तेव्हा ॲरिस्टॉटलच्या आधाराने शिकवले जाई. पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट शिष्य विव्हियानीने नंतर लिहिली. गॅलिलिओचे खरे काम झाले ते उतरत्या फळीवर. सरळ पडणारी वस्तू मोजता येऊ नये इतकी वेगवान असते. म्हणून त्याने फळीच्या गुळगुळीत खोबणीतून काशाची गोळी सोडली आणि बारीक धारेने साठलेले पाणी तोलून वेळ मोजली. दुप्पट वेळात अंतर चौपट होते, असे दिसले. अडथळा नसेल, तर सपाटीवर आलेली गोळी त्याच वेगाने जात राहील, हेही त्याने ओळखले. बल लागते ते वेग बदलायला, वेग टिकवायला नाही.

पृथ्वी फिरत असती तर वरून टाकलेला दगड मागे पडला असता, या आक्षेपाचे उत्तरही यातच होते. दगडालाही पृथ्वीची गती आधीच मिळालेली असते.

पण १६३२ च्या ग्रंथात पृथ्वीच्या भ्रमणाची बाजू मांडल्याबद्दल रोमच्या धर्मन्यायालयात त्याच्यावर खटला चालला. १६३३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्याला गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले. उरलेले आयुष्य नजरकैदेत गेले. पुढच्याच वर्षी जवळच्या मठात राहणारी त्याची लाडकी मुलगी, जोगीण मारिया चेलेस्ते, वारली.

अशा दिवसांत, फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील घरात, त्याने गतीवरची जुनी टिपणे पुन्हा हाती घेतली. त्यातून झालेले पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन येथे छापले गेले. तोवर त्याची दृष्टी गेली होती. ८ जानेवारी १६४२ रोजी तो वारला. पुढे १६८७ मध्ये न्यूटनने आपले नियम मांडताना पहिल्या दोन नियमांचे श्रेय गॅलिलिओलाही दिले.

सुट्टीत मुलांसोबत एक गंमत करून पाहू. लांब फळी जरा तिरपी ठेवून वरून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर खुणा करायच्या. गोटी सोडतानाच संथ, एकसारख्या टाळ्या सुरू करायच्या आणि पुढच्या टाळीला गोटी पहिल्या खुणेवर येईल असा उतार जुळवायचा. मग बाकीच्या खुणाही तालातच येतात. पाठ केलेला नियम मुलांना असा डोळ्यांनी दिसला, तर तो विसरणार नाही, असे आम्हाला वाटते.