शनिवारवाड्यातला गंगाराम

पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ सालची. त्याआधी भाजीबाजार भरायचा तो शनिवारवाड्यासमोर. त्याच वाड्यात पेशवाईत चित्रकलेची शाळा होती, हे किती जणींना ठाऊक असेल? सवाई माधवरावांच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने ती निघाली. तिथला सगळ्यात गुणी चित्रकार गंगाराम तांबट.

तांबटांचा धंदा भांडी घडवायचा. गंगारामचा हात मात्र कागदावर चालला. १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने काढला. मग गाठलं वेरूळ. पावसाळ्यात सीतेच्या न्हाणीपाशी धबधबा कोसळतो, तोच हा डोंगर. त्यात कोरलेलं कैलास लेणं एवढ्याशा कागदावर उतरवायचं, तेही कॅमेऱ्याच्या आधी, म्हणजे काय खायचं काम होतं?

पुढे तो स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सचा मदतनीस झाला. वेल्स १७९५ मध्ये वारला. १८०३ साली लंडनला वेरूळच्या चित्रांचं मोठं पुस्तक निघालं, त्यावर नाव वेल्सचं. त्याच्या आधी वेरूळ चितारणारा गंगाराम मागेच राहिला.

त्याची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठात जपून ठेवली आहेत. मंडईशेजारच्या तुळशीबागेत पितळेचं घंगाळ घ्याल, तेव्हा या तांबटाची आठवण जरूर काढा.