गावोगावच्या लोकांना आसरा देणाऱ्या गाडगेबाबांचं स्वतःचं घर कुठं होतं?

२० डिसेंबर, पुण्यतिथी विशेष

गाडगेबाबा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खराटा येतो. शाळेत त्यांच्या जयंतीला मुलं अंगण झाडतात, ग्रामपंचायतीत स्वच्छता अभियानाचा फलक लागतो. ते चांगलंच आहे. पण बाबांनी आयुष्यातली चाळीसेक वर्षं आणि लोकांनी दिलेला जवळजवळ सगळा पैसा ज्या कामात घातला, ते काम आपण जरा विसरूनच गेलो. ते काम होतं, उघड्यावर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर घालण्याचं.

हे काम त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. घर कसं जातं हे त्यांनी लहानपणी दोनदा पाहिलं होतं.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात एका परीट कुटुंबात देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. होतं नव्हतं ते गेलं आणि शेवटी शरीरही गेलं. देबू तेव्हा आठेक वर्षांचा होता. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी गेली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे वयाच्या आठव्या वर्षीच देबू स्वतःच्या घराला मुकला आणि मामाच्या घरी ढोरं राखायला लागला. मामाचं घर प्रेमाचं होतं, पण आपलं घर ते आपलंच.

दुसरा घाव बसला मामाच्या शेतावर. मामा चंद्रभानजी कष्टाळू माणूस. पण तो काळ वऱ्हाडात सावकारीचा होता. कपाशीला भाव आला की माणूस हिंमत करून व्यवहार करायचा. भाव पडला, पाऊस हुकला की व्याज चढत जायचं. कागदात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला कळत नसे. मामाचंही तेच झालं. राबूनही जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्यातून मामा उठलेच नाहीत. पुढं सावकाराची माणसं कब्जा घ्यायला आली तेव्हा तरुण देबूजी शेतातून हटला नाही, अंगावर धावून आलेल्यांना त्याने पिटाळून लावलं. त्या काळी सावकारासमोर असं उभं राहणं म्हणजे आख्ख्या गावाला धडकी भरवणारी गोष्ट होती.

त्याच दशकात, १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० ला, वऱ्हाडात दुष्काळ पडला. माणसं गावं सोडून निघाली. रस्त्याच्या कडेला, देवळाच्या ओट्यावर, नदीकाठी पडून राहणारी माणसं देबूजीने त्याच वयात पाहिली. पुढच्या सगळ्या आयुष्याचं कारण बहुधा इथंच असावं.

१ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजी घर सोडून निघाला. बायको कुंताबाई, लेकरं, म्हातारी आई मागं राहिली. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात काठी आणि खराटा, सोबत मातीचं गाडगं. पाऊस आला की तेच गाडगं डोक्यावर, भूक लागली की त्यातच भाकरीचा तुकडा. त्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले. ज्याला घर होतं तो माणूस आपणहून बेघर झाला. कुठल्या गावाने हाकललं, कुठं चोर समजून अडवलं, कुठं वेडा समजून पोरं मागं लागली. रात्री कुठं पाठ टेकायची हा प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागणं म्हणजे काय असतं, हे त्यांनी बारा वर्षं अंगावर काढलं.

कामाची सुरुवात आपल्याच भागात, पूर्णेच्या काठी ऋणमोचनला झाली. पौषातल्या रविवारी तिथं मुद्गलेश्वराची यात्रा भरते. गावाच्या नावाचा अर्थच कर्जातून सुटका, पण यात्रेला येणारे कितीतरी जण कर्ज काढून यायचे. नदीत उतरायला धड वाट नव्हती, चिखलात माणसं घसरायची. बाबांनी खटपट करून, स्वतः राबून आणि लोकांना कामाला लावून घाट बांधून घेतला. यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी भीक मागत रांगेने बसत. त्यांना तुकडा फेकून पुण्य मिळवायची लोकांची रीत होती. बाबांनी त्यांना मानानं पंगतीत बसवून जेवू घातलं, अंगावर पांघरूण दिलं.

मग पंढरपूर. वारीत लाखो माणसं येतात. ज्याची ऐपत तो बडव्यांच्या वाड्यात उतरायचा. ज्याची जात चालायची तो कुठल्यातरी मठात शिरायचा. पण अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या वारकऱ्याला कुणी ओसरीवरही घेत नसे. शेकडो मैल चालून आलेला माणूस लेकराबाळांसह वाळवंटात, आषाढाच्या पावसात भिजत रात्र काढायचा. पैसे असले तरी त्याला जागा मिळत नसे. बेघरपणाला गरिबी हे एकच कारण नसतं, हे बाबांना इथं सगळ्यात लख्ख दिसलं. १९१७ च्या सुमारास त्यांनी चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या पायरीशी आहे, कारण त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. त्यांच्या नावाने पक्की, दगडविटांची इमारत उभी राहिली. विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली. म्हणजे देवाच्या दारापेक्षा बाबांचं दार पंचवीस वर्षांहून जास्त आधी उघडं झालं.

पंढरपुरात मराठ्यांसाठी, आळंदीत परीट समाजासाठी अशा जातवार धर्मशाळाही बाबांनी उभारल्या. जातपात मोडा म्हणणाऱ्या माणसाने हे का केलं, असं आज कुणालाही वाटेल. त्या काळी एका छपराखाली सगळे झोपायला तयार नव्हते आणि पाऊस तर दरवर्षी येत होता. आधी छप्पर, मग भांडण, असा त्यांचा हिशेब असावा. नाशिकला मात्र त्यांनी मोठी धर्मशाळा बांधली, तिथं कुठूनही आलेल्या यात्रेकरूला उतरता येई.

पैसा कुठून यायचा? कीर्तनातून. बाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे. दिवसभर गटारं, पांदण, देवळाचा परिसर. रात्री कीर्तन. लोक भारावून पैसे द्यायला यायचे. बाबा स्वतः हात लावत नसत. ते पैसे सरळ बांधकामाकडे जायचे. स्वतःला लागायची फक्त भाकर आणि कालवण.

आणि कीर्तनात काय सांगायचे? इथंच बाबांचं मोठेपण आहे. ते समोरच्या शेतकऱ्याला प्रश्न विचारत त्याच्याकडूनच उत्तर काढून घ्यायचे. कर्ज कशापायी काढलं? लग्नापायी, तेराव्यापायी, देवाला बोकड कापायच्या नवसापायी, दारूपायी. मग शेत गहाण, मग बैल, मग घर, मग शहराचा रस्ता आणि तिथं फुटपाथ. घर जातं ते एका दिवसात जात नाही, त्याची सुरुवात दहा वर्षं आधी एका जेवणावळीतून होते, हे ते हसवत हसवत लोकांच्या गळी उतरवायचे. ऋण काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, म्हणजे कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येईल. या प्रत्येक बोलण्यामागं दापुऱ्याचं ते शेत होतं. स्वतःच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांच्या रागाची पर्वा न करता त्यांनी दारू आणि मटणाऐवजी गोड जेवण वाढलं होतं, त्यामुळं त्यांना हे बोलायचा अधिकारही होता.

म्हणजे बाबांनी दोन्हीकडून काम केलं. जो आज रात्री रस्त्यावर आहे त्याच्यासाठी धर्मशाळा, आणि जो उद्या रस्त्यावर येणार आहे त्याच्यासाठी कीर्तन. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशसूत्रीत अन्न, पाणी, वस्त्र, शिक्षण यांच्यामागून पाचवी गोष्ट येते ती बेघरांना आसरा. बेकारांना रोजगारही त्याच यादीत आहे.

याची किंमत घरच्यांनी मोजली, हे लपवून चालणार नाही. १९२३ साली मुलगा गोविंदा कुत्रं चावून गेला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. निरोप आला, पण कीर्तन थांबलं नाही. कुंताबाईंनी हे सगळं कसं सोसलं असेल, याबद्दल बाबांच्या चरित्रांत फार थोडं सापडतं. एवढ्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यातल्या एकीवरही बाबांनी स्वतःचा किंवा नातलगांचा हक्क ठेवला नाही. सगळ्याचे ट्रस्ट केले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बाकीच्या कामांसाठी १९५२ साली गाडगे महाराज मिशन उभं राहिलं.

शेवटच्या वर्षांत त्यांचं लक्ष देवस्थानांवरून दवाखान्यांकडे वळलं होतं. खेड्यातला माणूस रोग्याला घेऊन मुंबईला जातो. रोग्याला खाट मिळते, पण सोबतच्या बाईमाणसाने रात्री कुठं जायचं? जे. जे. रुग्णालयाबाहेर फुटपाथवर चूल मांडून बसलेले नातेवाईक बाबांनी पाहिले आणि तिथं धर्मशाळा झाली. त्यांच्या मागून मिशनने दादरला टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांसाठी आणि नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. मुंबईत खोलीचं भाडं औषधापेक्षा जड होतं, म्हणून अर्ध्यावर उपचार सोडून परत येणारी माणसं आपल्या तालुक्यांतही आहेत. त्यांना हा पत्ता ठाऊक असायला हवा.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, आजारी बाबांना गाडीतून अमरावतीला नेत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी त्यांचा जीव गेला. कुठल्या घरात नाही, कुठल्या धर्मशाळेतही नाही, रस्त्यातच. अमरावतीत आज जिथं समाधी आहे, त्या भागाला लोक गाडगेनगर म्हणतात.