एक थप्पड, डावा डोळा आणि प्रिझमची काच: ललिता पवारांचा चेहरा चष्म्याने सावरला असता का?

दूरदर्शनच्या 'रामायण'मधली मंथरा आठवली की आधी तिचा बारीक झालेला डावा डोळा आठवतो. तो मेकअप नव्हता. मग प्रिझमच्या चष्म्याने तो सरळ झाला नसता का?

थोडक्यात उत्तर: नाही. पण त्याआधी ही घटना काय होती ते पाहू.

ललिता पवार यांचा जन्म १९१६ चा, येवल्याचा. मूळ नाव अंबा. मूकपटांच्या काळात त्या बालकलाकार म्हणून आल्या आणि पुढे नायिका झाल्या. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. कुस्तीचा शौक असलेल्या भगवान यांचा हात जोरात बसला. डाव्या डोळ्याची नस फुटली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. उपचार बराच काळ चालले, पण डोळा पूर्ववत झाला नाही. नायिकेची कारकीर्द तिथेच संपली.

हे भगवान म्हणजे पुढे 'अलबेला'मुळे (१९५१) देशभर पोहोचलेले भगवानदादा. जुहूच्या समुद्राकाठी त्यांचा पंचवीस खोल्यांचा बंगला होता, असे सांगतात. पुढे तो विकावा लागला. २००२ मध्ये दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले.

आता प्रिझम. या काचेची एक कड जाड, दुसरी पातळ असते. प्रकाश जाड कडेकडे वळतो, त्यामुळे समोरची वस्तू पातळ कडेकडे सरकल्यासारखी दिसते. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर एक सेंटीमीटर सरकणे. दोन्ही डोळे एका रेषेत नसतील तर एकाच्या दोन वस्तू दिसतात. प्रिझम त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून बसवतो. डोळा आहे तिथेच राहतो, फक्त प्रतिमा हलते. नंबराच्या चष्म्याचे काम वेगळे, तो प्रतिमा स्पष्ट करतो.

चेहऱ्याच्या अर्धांगवायूत बिघाड मात्र दुसरीकडे असतो. बुबुळ फिरवणारे सहा स्नायू तीन वेगळ्या नसांवर चालतात. पापणी मिटणे आणि हसणे चेहऱ्याच्या नसेवर. ही नस दुखावली की डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो. म्हणून थेंब घालतात, रात्री पट्टी लावतात. बरे होताना कधी स्नायू आखडतात आणि डोळा कायमचा बारीक दिसतो. तिथे प्रिझम काहीच करू शकत नाही. शिवाय तो असतो घालणाऱ्याच्या नजरेसाठी. कॅमेऱ्याला समोरचा चेहरा आहे तसाच दिसतो.

ललिताबाईंनी मग तोच चेहरा कामाला लावला. १९४४ च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी ती बाई मराठी प्रेक्षकाला नव्याने सांगावी लागत नव्हती. पुढे 'दहेज' आणि 'जंगली'सारख्या चित्रपटांतून खाष्ट सासू आणि कडक आई ही त्यांची ओळखच बनली. पण त्यांना फक्त खलनायिका म्हणणे अन्यायाचे ठरेल. 'श्री ४२०'मधली केळीवाली गंगामाई आठवा. 'अनाडी'तल्या मिसेस डिसा तर वरून खडूस, आतून मायाळू. त्याच भूमिकेने त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळवून दिले.

मंथरा साकारली तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.