वज्रासनापुढील संकल्प : अनागारिक धर्मपाल आणि १८९१ चा हिवाळा

आधुनिक भारतातील धम्मक्रांतीचा इतिहास सांगताना आपण १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसापासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे मान्यवर उपस्थित होते, त्यांत महाबोधी सोसायटीचे सरचिटणीस देवप्रिय वलिसिंह हेही होते. ते कोणाचे शिष्य होते आणि ती संस्था कोणत्या परिस्थितीत उभी राहिली, याची माहिती आपल्या नव्या पिढीला फारशी नसते. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हाला असे वाटते की, आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत त्या संस्थापकाचे चरित्र असणे औचित्याचे ठरेल. ते संस्थापक म्हणजे अनागारिक धर्मपाल. त्यांच्या आयुष्याला कायमचे वळण मिळाले ते वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मायदेशापासून दूर केलेल्या एका हिवाळी यात्रेत.

१७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबो येथे एका संपन्न सिंहली बौद्ध कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील डॉन कॅरोलिस हेवावितारणे यांचा लाकडी सामानाचा मोठा व्यापार होता. आईचे नाव मल्लिका. सिलोन तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होते. बौद्ध घरांतही मुलांना युरोपीय नावे देण्याची रीत पडली होती, म्हणून या मुलाचे नाव डॉन डेव्हिड ठेवले गेले. घरी त्रिशरण-पंचशील आणि शाळेत बायबल, अशा दोन जगांत त्यांचे बालपण गेले, कारण चांगल्या शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्याच हाती होत्या. १८८३ साली कोलंबोच्या कोटाहेना भागात बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला. त्यानंतर वडिलांनी त्यांना मिशनरी शाळेतून काढून घेतले. पुढील अध्ययन त्यांनी ग्रंथालयात बसून स्वतःच्या बळावर केले.

याच सुमारास कर्नल ऑल्कॉट आणि मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांच्या थिऑसॉफिकल चळवळीशी त्यांचा संबंध आला. ब्लॅव्हॅट्स्की यांनी त्यांना पाली भाषेचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. शिक्षण खात्यातील कारकुनाची नोकरी त्यांच्या हाती होती, बढतीचा मार्गही मोकळा होता. ती नोकरी सोडून ते ऑल्कॉट यांच्यासोबत बैलगाडीतून सिलोनच्या खेडोपाडी फिरले. बौद्ध मुलांसाठी बौद्धांच्या शाळा हव्यात, हा त्या फिरस्तीचा मुख्य विषय होता. १८८९ मध्ये ते ऑल्कॉट यांच्यासमवेत जपानलाही जाऊन आले. डेव्हिड हे नाव मागे पडले आणि धर्मपाल हे नाव रूढ झाले. अनागारिक म्हणजे ज्याने घर सोडले आहे असा. भिक्खूचे चीवर न घेता, पण गृहस्थीही न स्वीकारता, धम्मकार्याला वाहून घेण्याचा हा मार्ग त्यांनी आधुनिक काळात नव्याने रुजविला.

१८९० च्या डिसेंबरात मद्रासजवळच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीचे वार्षिक अधिवेशन भरले. ते आटोपल्यावर धर्मपाल कोझेन गुणरत्न या जपानी भिक्खूंसह उत्तरेकडे निघाले. कवी एडविन अर्नोल्ड यांनी बुद्धगयेच्या उपेक्षेविषयी लिहिलेले लेख त्यांच्या वाचनात आले होते. ते स्थान एकदा प्रत्यक्ष पाहावे, वंदन करावे आणि परतावे, एवढाच त्यांचा बेत होता.

२० जानेवारी १८९१ रोजी ते काशीनजीकच्या सारनाथला पोहोचले. आज आपण पाहतो ते सारनाथ त्या वेळी अस्तित्वात नव्हते. काशी नगरी यात्रेकरूंनी गजबजलेली होती. परंतु काही मैलांवर, जेथे तथागतांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश दिला, तेथे धामेक स्तूप आणि विटांचे ढिगारे एवढेच शिल्लक होते. सुमारे शतकापूर्वी, १७९४ साली, काशीच्या राजाचे दिवाण जगतसिंह यांच्या माणसांनी बाजारपेठेच्या बांधकामाच्या विटांसाठी तेथील धर्मराजिक स्तूप खोदून नेला होता. त्यात सापडलेल्या करंडकातील अस्थी गंगेत विसर्जित करण्यात आल्या. अशोकाच्या सिंहस्तंभाचा शिरोभाग तेव्हा मातीखालीच होता. तो पुढे १९०४-०५ च्या उत्खननात वर आला. आज जी मुद्रा आपल्या नोटांवर आणि प्रत्येक शासकीय कागदावर असते, ती जेथे गाडलेली होती त्या जमिनीवरून धर्मपाल चालून गेले आणि त्यांना ती दिसली नाही.

२२ जानेवारीला ते बुद्धगयेस आले. येथील स्थिती वेगळी होती. इंग्रज सरकारने १८८० नंतरच्या काही वर्षांत महाबोधी महाविहाराची डागडुजी केली होती. तत्पूर्वी ब्रह्मदेशाच्या राजानेही त्यासाठी माणसे पाठविली होती. वास्तू उभी होती, पण तिची सेवा करणारा एकही भिक्खू तेथे राहत नव्हता. परिसराचा ताबा सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे वसलेल्या शैव मठाच्या महंतांकडे होता. मूर्ती आणि कोरीव शिळा इतस्ततः पडल्या होत्या.

सिंहली बौद्ध माणसाला बोधिवृक्ष म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची शाखा सिलोनला नेली आणि ती अनुराधपुरात लावली. त्या वृक्षाची निगा सिंहली लोकांनी दोन सहस्रकांहून अधिक काळ राखली. इकडे मूळ स्थानावरचा जुना वृक्ष १८७६ मध्ये उन्मळून पडला आणि त्याच्या रोपापासून नवा वाढविण्यात आला होता. शाखा जपणाऱ्यांच्या देशातून आलेल्या तरुणाला मूळ स्थान असे पोरके दिसले. त्यांनी वज्रासनावर मस्तक टेकविले आणि तेथेच निश्चय केला की, या स्थानाची सेवा करण्यासाठी भिक्खू येईपर्यंत येथून हलायचे नाही. कोझेन यांनीही तोच निश्चय केला.

आमच्या मते धर्मपालांचे मोठेपण त्या क्षणापेक्षा पुढील आठवड्यांत अधिक दिसते. भावनेच्या भरात संकल्प अनेकजण करतात. धर्मपाल ब्रह्मी राजाने बांधलेल्या विश्रामगृहात मुक्कामाला राहिले आणि पत्रे लिहू लागले. सिलोन, ब्रह्मदेश आणि भारतातील परिचितांना त्यांनी येथील स्थिती कळविली आणि साहाय्य मागितले. जवळचे पैसे संपत आले. गयेचे कलेक्टर ग्रियर्सन, जे भाषाशास्त्रज्ञ म्हणूनही प्रसिद्ध आहेत, यांना ते भेटले. विहार आणि त्याचे उत्पन्न महंतांचे असल्याचे त्यांना तेथे सांगण्यात आले. जगभरच्या बौद्धांचे सर्वांत पवित्र स्थान कागदोपत्री कोणा एकाची मालमत्ता आहे, हे त्यांना तेव्हा उमगले. पुढे ते कलकत्ता आणि रंगून करून मायदेशी परतले. ३१ मे १८९१ रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटीची स्थापना झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये चार भिक्खूंना घेऊन ते पुन्हा बुद्धगयेत दाखल झाले. संकल्पाचा पहिला भाग सहा महिन्यांत पुरा झाला. उरलेल्यासाठी त्यांचे सारे आयुष्य खर्ची पडले.

१८९२ मध्ये त्यांनी कलकत्त्यातून महाबोधी नियतकालिक सुरू केले. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत त्यांनी बौद्धांचे प्रतिनिधित्व केले. परतीच्या प्रवासात होनोलुलू बंदरात मेरी फॉस्टर ही महिला त्यांना भेटली. पुढील कित्येक वर्षे तिच्या दानातून शाळा, रुग्णालय आणि विहार उभे राहिले.

बुद्धगयेत मात्र अपयशच पदरी आले. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी जपानहून आलेली बुद्धमूर्ती महाविहाराच्या वरच्या मजल्यावर स्थापन करीत असताना महंतांच्या माणसांनी ती बाहेर काढली. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयाने महंतांच्या माणसांना दोषी ठरविले, परंतु कलकत्ता उच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. पुढे ब्रह्मी विश्रामगृहही बौद्धांना सोडावे लागले.

पराभवाने ते खचले नाहीत. त्यांनी सारनाथला जमीन मिळविली. १९२० मध्ये कलकत्त्यात धर्मराजिक चैत्य विहार झाला आणि ११ नोव्हेंबर १९३१ रोजी सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास अनुराधपुरच्या बोधिवृक्षाची रोपे तेथे लावण्यात आली. बुद्धगयेतून सिलोनला गेलेली शाखा अशा रीतीने भारतभूमीत परत आली. १९३३ मध्ये त्यांनी उपसंपदा घेतली आणि त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी सारनाथ येथेच त्यांचे निर्वाण झाले.

चरित्र लिहिताना केवळ गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही. सिलोनमधील अन्य धर्मीय समाजांविषयी धर्मपालांनी केलेले लेखन अनेक ठिकाणी कठोर आहे, आणि ते करुणेच्या शिकवणीशी जुळत नाही. १९१५ मध्ये तेथे सिंहली बौद्ध आणि मुस्लिम यांच्यात दंगली झाल्या. इंग्रजांनी त्यांचे बंधू एडमंड यांना तुरुंगात टाकले. ते जाफन्याच्या तुरुंगातच मरण पावले, आणि धर्मपालांना काही वर्षे कलकत्त्यात स्थानबद्ध राहावे लागले. दुसरे असे की, भारतातील त्यांच्या कार्याला पाठबळ मिळाले ते प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित वर्गाचे. गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत धम्म नेणारी लोकचळवळ त्यांच्या हातून उभी राहिली नाही. त्यांनी धम्माची स्थाने जागविली. त्या स्थानांवर हक्काने पाऊल ठेवणारा लक्षावधींचा समाज बाबासाहेबांनी घडविला.

तरीही दोन्ही कार्यांचा धागा एकच आहे. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावरील आपला प्रसिद्ध लेख १९५० मध्ये लिहिला, तो धर्मपालांनी सुरू केलेल्या महाबोधी नियतकालिकासाठी. दीक्षेनंतर, परिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या परिषदेहून परतताना ते सारनाथला गेले. सहा दशकांपूर्वी जेथे विटांचे ढिगारे होते, तेथे आता विहार होता आणि भिक्खूसंघ होता.

बुद्धगयेचा प्रश्न मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समिती नेमली गेली. तिच्यात चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी अशी रचना आहे. अध्यक्ष हिंदूच असावा ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, पण बौद्धांचे पूर्ण व्यवस्थापन अद्याप आलेले नाही.

दरवर्षी थंडीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांतून धम्मसहली निघतात. माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिका सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर पाहून येतात, छायाचित्रे काढतात, बोधिवृक्षाचे पान जपून आणतात. या यात्रा वाढल्या पाहिजेत. मात्र प्रत्येकाने तेथे एक प्रश्न स्वतःला विचारावा : या स्थानाची निगा कोण राखतो आणि त्यात आपला वाटा कोणता? परत आल्यावर हाच प्रश्न आपल्या गावच्या विहाराविषयी, तेथील बंद पडलेल्या वाचनालयाविषयी आणि ज्या वसतिगृहात राहून आपण शिकलो त्याविषयीही विचारावा. निवासी विद्यालये दानाने उभी राहतात हे खरे, पण ती चालतात पत्रे लिहिणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या आणि नकार ऐकूनही पुन्हा दार ठोठावणाऱ्या माणसांमुळे. सव्विसाव्या वर्षी एका परक्या देशातील विश्रामगृहात बसून धर्मपालांनी हेच काम आरंभिले आणि बेचाळीस वर्षे सोडले नाही.

त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.