सोनियाची गोधडी

कॉलेजचा फेस्ट जवळ आला की कॅम्पसमध्ये एक टेबल हमखास लागतं. क्रोशाच्या स्क्रंची, हाताने रंगवलेल्या पिशव्या, रेझिनचे कानातले. टेबलामागच्या मुलीला दिवसभरात दोन प्रश्न ऐकावे लागतात. एक म्हणजे, एवढं महाग का? आणि दुसरा, छंद म्हणून हे ठीक आहे, पण पुढे काय करणार? पहिल्याचं उत्तर तिच्याकडे तयार असतं. दुसऱ्याला ती हसून वेळ मारून नेते.

हा दुसरा प्रश्न काही नवा नाही. रशियातून पॅरिसला आलेल्या एका चित्रकार बाईच्या मागे तो जवळपास अर्धशतक लागला होता. तिने गोधडी शिवली, पडदे शिवले, कपडे विकले, नवरा आणि मुलगा सांभाळला. एक पाय एका देशात, दुसरा दुसऱ्यात, अशा अवस्थेत संसार चालवला. ही चित्रकार की शिंपीण, हे लोकांना ठरवता येईना. तिने मात्र हे कोडं सोडवायच्या फंदात न पडता काम चालू ठेवलं. तिचं नाव सोनिया देलोने.

मामाच्या घरची मुलगी

१८८५ मध्ये, आजच्या युक्रेनमध्ये, एका गरीब ज्यू कुटुंबात ती जन्मली. तेव्हा तिचं नाव सारा स्टर्न. पाचेक वर्षांची असताना तिची रवानगी सेंट पीटर्सबर्गला मामाकडे झाली. मामा हेन्री तेर्क तिथले बडे वकील. मोठं घर, भिंतींवर चित्रं, परदेशी भाषा शिकवायला घरी शिक्षिका आणि अधूनमधून युरोपच्या सहली. सारा स्टर्नची सोनिया तेर्क झाली ती या घरात. पण त्याआधी गावाकडे पाहिलेले रंग, शेतकऱ्यांच्या घरातली पांघरुणं, लग्नातले कपडे तिच्या डोळ्यांत राहून गेले होते.

अठराव्या वर्षी ती चित्रकला शिकायला जर्मनीत कार्ल्सरूहला गेली आणि तिथून विशीत पॅरिसला. पॅरिसमध्ये तिला गोगँ आणि व्हॅन गॉगची चित्रं बघायला मिळाली, आणि आता इथून हलायचं नाही हे तिने ठरवून टाकलं. घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. शिक्षण झालं, आता परत ये. मुलगी परदेशात एकटी किती दिवस राहणार?

यावर तिने काढलेला तोडगा आजही भुवया उंचावणारा आहे. विल्हेल्म उदे नावाचा जर्मन गॅलरीवाला तिचा मित्र होता. १९०८ मध्ये तिने त्याच्याशी लग्न केलं. लग्न दोघांच्या सोयीचं. उदे समलिंगी होता, त्याला समाजापुढे आडोसा मिळाला. सोनियाला पॅरिसमध्ये राहण्याची मोकळीक मिळाली. पुढे तिची गाठ रोबेर देलोने या तरुण फ्रेंच चित्रकाराशी पडली. उदेने भांडणतंटा न करता घटस्फोट दिला. नोव्हेंबर १९१० मध्ये सोनिया आणि रोबेरचं लग्न झालं, आणि जानेवारी १९११ मध्ये शार्लचा जन्म. तारखांचा हिशेब तुम्ही करालच!

संसार पॅरिसमध्ये, पण त्याचा खर्च बऱ्याच अंशी रशियातून भागत होता. सेंट पीटर्सबर्गमधल्या मालमत्तेचं भाडं सोनियाला येत होतं, त्यामुळे दोघांना रंग आणि कॅनव्हास यापलीकडे फारसा विचार करावा लागत नव्हता. हे भाडं लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

पाळण्यावरचं चित्र

बाळ झालं की आपल्याकडे आजीच्या जुन्या मऊ लुगड्याची गोधडी शिवतात. सोनियाने १९११ मध्ये शार्लसाठी तेच केलं. कापडाचे उरलेसुरले तुकडे घेतले आणि रशियातल्या शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेल्या पांघरुणांसारखे ते एकमेकांना जोडले. हिरवा, गुलाबी, काळा, पिवळसर. कुठे चौकोन, कुठे त्रिकोण, कुठे वाकडी कड. साधारण मीटरभर लांबीची गोधडी तयार झाली.

त्या काळात पॅरिसमध्ये क्युबिझमची हवा होती. पिकासो आणि ब्राक यांनी वस्तूंचे तुकडे करून त्या कॅनव्हासवर नव्याने जुळवायला सुरुवात केली होती. घरी येणाऱ्या मित्रमंडळींनी गोधडी पाहिली आणि त्यांना त्यात हीच नवी चित्रकला दिसली. सोनियालाही मग वाटलं, हे रंग चित्रात का नकोत? तिने आणि रोबेरने वस्तूंची चित्रं बाजूला ठेवून निव्वळ रंगांची चित्रं करायला घेतली, त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे ही गोधडी. कलेचे अभ्यासक आज तिचा उल्लेख त्याच नात्याने करतात.

या चित्रांमागे एक गमतीशीर विज्ञान आहे. त्याआधी सुमारे शंभर वर्षांपूर्वी पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं तयार होत, मिशेल शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ रंगाई विभाग सांभाळायचा. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका दिसतो. त्याने तपासलं, तर रंगात काही खोट नव्हती. काळ्याशेजारी जो धागा विणला जात होता, त्याच्यामुळे डोळ्याला काळा रंग मरगळलेला दिसत होता. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. हळदी साडीला जांभळे काठ लावले की दोन्ही रंग एकदम कसे उठून दिसतात, तसंच. शेव्रलने यावर १८३९ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि त्यातूनच देलोने दांपत्याने आपल्या कलेला ‘एकाचवेळी’ अशा अर्थाचं फ्रेंच नाव दिलं, सिम्युल्तानिझम.

रोबेरने हे कॅनव्हासवर केलं. सोनियाने कॅनव्हासवर केलंच, शिवाय उशांच्या अभ्र्यांवर, पडद्यांवर, दिव्यांच्या शेडवर, पुस्तकांच्या बांधणीवरही केलं. १९१३ मध्ये तिने तुकडे जोडून एक ड्रेस शिवला आणि तो घालून ती पॅरिसच्या बाल ब्युलिए या नाचाच्या हॉलमध्ये गेली. कवींनी त्या ड्रेसवर लिहिलं. त्याच वर्षी कवी ब्लेझ सांद्रारबरोबर तिने सुमारे दोन मीटर लांबीची घडीची कविता काढली. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला तिचे रंग. विषय होता सैबेरियातून जाणारी रेल्वे, म्हणजे तिच्या रशियाचीच गाडी. १५० प्रती काढायचं ठरलं होतं, कारण तेवढ्या एकावर एक उभ्या केल्या तर आयफेल टॉवरची उंची भरली असती.

भाडं बंद, दुकान सुरू

१९१४ च्या उन्हाळ्यात तिघं स्पेनमध्ये सुट्टीवर असताना पहिलं महायुद्ध पेटलं. ते परत गेले नाहीत. स्पेन, मग पोर्तुगाल, मग पुन्हा स्पेन, अशी सात वर्षं गेली. पोर्तुगालमधल्या विला दो कोंदे या समुद्राकाठच्या गावातला मुक्काम सुखाचा होता. तिथल्या मिन्यो भागातले बाजार, भाज्यांचे ढीग, कडक ऊन, सगळं तिच्या चित्रांत आलं.

मग १९१७ उजाडलं. रशियात क्रांती झाली, खासगी मालमत्ता गेली आणि सेंट पीटर्सबर्गचं भाडं बंद झालं. परत जायची वाटही मिटली. एका फटक्यात ती दोन देशांतली बाई राहिली नाही. एक देश हातातून गेला, दुसरा युद्धात होता, आणि ती तिसऱ्याच देशात सहा वर्षांचं पोर घेऊन उभी होती.

घर कोणी चालवायचं, यावर फार चर्चा झाली असेल असं वाटत नाही. रोबेर मोठा चित्रकार होता, पण चित्रं रोज थोडीच विकली जातात. सोनियाने जे हाताला येत होतं ते बाजारात आणलं. आपलाच देशबांधव, रशियन बॅलेचा सर्वेसर्वा द्यागिलेव तिला स्पेनमध्ये भेटला. त्याच्या ‘क्लिओपात्रा’ या नृत्यनाट्याचे जुने पडदे आगीत गेले होते. १९१८ मध्ये नवे पडदे रोबेरने केले आणि वेशभूषा सोनियाने. त्याच सुमारास तिने माद्रिदमध्ये ‘कासा सोनिया’ नावाचं दुकान काढलं. कपडे, घराची सजावट, बारीकसारीक वस्तू. माद्रिदच्या श्रीमंत घरांत तिचे पडदे आणि उशा गेल्या. दुकान चाललं, इतर शहरांतही पोचलं.

सात वर्षांपूर्वी जे पोरासाठी हौसेने केलं होतं, त्यावर आता पोराचं जेवण अवलंबून होतं. तुमच्यापैकी ज्यांनी छंदाचं पानं इन्स्टाग्रामवर उघडून पहिली ऑर्डर घेतली असेल, त्यांना या दोन्हींतला फरक सांगायला नको. आवडीच्या कामाला एकदम तारीख, किंमत आणि गिऱ्हाईक चिकटतं.

घरातच सगळं

१९२१ मध्ये कुटुंब पॅरिसला परतलं. बुलवार मालशेर्बवरचं त्यांचं घर म्हणजे एकाच वेळी संसार, कामाची जागा आणि शोरूम. फर्निचरपासून भिंतींपर्यंत सगळं तिच्या रंगांत. कवी यायचे आणि भिंतींवरच लिहून जायचे.

१९२३ मध्ये लियॉंच्या एका कापड कारखानदाराने तिच्याकडून ५० डिझाइन मागवली. लवकरच तिने स्वतःचा छापील कापडाचा उद्योग उभा केला. १९२५ च्या पॅरिसच्या मोठ्या सजावटकला प्रदर्शनात फरचा व्यापारी जाक हाइमबरोबर तिने पुलावर दुकान थाटलं. कोटाला जुळेल अशी सित्रोएन मोटार रंगवली. हॉलिवूडची नटी ग्लोरिया स्वॉन्सनसाठी भरतकामाचा कोट केला. ॲमस्टरडॅमचं मेट्झ अँड कंपनी हे दुकान पुढे कित्येक वर्षं तिचं कापड घेत राहिलं. १९२७ मध्ये तर सोरबोन विद्यापीठात, चित्रकलेचा फॅशनवर कसा परिणाम होतो यावर तिने व्याख्यान दिलं. शिंपीण म्हणून हिणवायचं तर आता जरा अवघडच होतं.

पण याची किंमत होती. या वर्षांत तिची स्वतःची चित्रं मागे पडली. रोबेर रंगांच्या सिद्धांतावर लिहीत होता, बोलत होता, आणि कलेच्या इतिहासात त्याचं नाव नोंदवलं जात होतं. सोनियाचं नाव कापडाच्या पावतीवर जात होतं. दोघांचा विचार एक, पण कॅनव्हासवर केला की कला आणि कापडावर केला की धंदा, ही विभागणी तिने केली नव्हती. ती जगाने केली होती. आणि तिच्या धंद्यावर तिच्या नवऱ्याची कला निवांत उभी होती, याची नोंद बरीच वर्षं कोणी घेतली नाही.

जागतिक मंदी आली, श्रीमंत गिऱ्हाइकं आटली आणि तिने फॅशनचा पसारा आवरला. पुन्हा चित्रांकडे वळली. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात विमानांच्या दालनासाठी तिने प्रचंड भित्तिचित्रं केली. पंखा, इंजिन, उपकरणांचा फलक. गोधडीवरचे चौकोन आता भिंतभर पसरले होते.

उशिरा आलेली पावती

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पॅरिसमध्ये घुसले, तेव्हा दोघं दक्षिणेकडे गेले. रोबेर कॅन्सरने आजारी होता. ऑक्टोबर १९४१ मध्ये माँपेलिएला तो गेला. सोनिया जन्माने ज्यू होती, त्यामुळे पुढची वर्षं तिच्यासाठी जोखमीची होती. ग्रास गावात आर्प दांपत्याबरोबर तिने त्यातली काही काढली. शार्ल तोपर्यंत फ्रान्समधल्या जॅझचा मोठा जाणकार झाला होता. ‘जॅझ हॉट’ हे मासिक त्याने सहकाऱ्यांबरोबर सुरू केलं होतं.

युद्ध संपल्यावर सोनियाने पहिलं काम हाती घेतलं ते रोबेरची चित्रं लोकांपुढे आणण्याचं. स्वतःची बाजू नंतर. १९६४ मध्ये लूव्हरमध्ये तिच्या आणि रोबेरच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. दोघांची शंभराहून अधिक कामं तिने आणि शार्लने फ्रान्सला दान दिली होती. हयात असताना लूव्हरमध्ये मान मिळालेली पहिली स्त्री चित्रकार म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. डिसेंबर १९७९ मध्ये, ९४ व्या वर्षी, पॅरिसमध्ये तिचं निधन झालं. म्हातारपणीही तिचं काम थांबलं नव्हतं. शार्लची ती गोधडी आज पॅरिसच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीची आहे.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगून संपवणं सोपं आहे. पण एक हिशेब राहतो. सोनियाकडे वकील मामा होता, सुरुवातीला रशियाचं भाडं होतं, घरी येणारे कवी-चित्रकार होते. तिची गोधडी बघून ही नवी कला आहे असं म्हणणारे डोळे तिच्या दिवाणखान्यातच बसले होते. ज्या शेतकरी बायकांची पांघरुणं बघून ती शिकली, त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठल्या संग्रहालयात नाही. त्यांचे टाके काही कमी सरळ नसतील.

आपल्या घरातल्या माळ्यावरही एखादी वाकळ असेलच. कोणी शिवली, कुठल्या लुगड्याची, ते हिरव्याशेजारी लाल लावायचं कोणी ठरवलं, हे सांगणारं माणूस अजून घरात असेल तर या सुट्टीत विचारून घ्या. आणि उत्तर मिळालं की एका चिठ्ठीवर नाव लिहून वाकळीच्या कोपऱ्याला टाचून ठेवा.