न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : वकिलीत जोडलेली माणसे

मुंबईत बोरीबंदर स्थानकासमोर अंजुमन-इ-इस्लामची भव्य इमारत उभी आहे. 1893 साली पूर्ण झालेली ही वास्तू ज्यांच्या परिश्रमाचे फळ आहे, त्यांत मरहूम बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. व्यवसायात जोडलेली माणसे त्यांनी जन्मभर कशी सांभाळली, याकडे मात्र आपल्या विद्यार्थ्यांचे लक्ष क्वचितच वेधले जाते.

त्यांचा जन्म 1844 मध्ये मुंबईत, सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. सोळाव्या वर्षी ते विलायतेस गेले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्यंतरी परतावे लागले, तरी 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात उभे राहिले. तेथे वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर बॅरिस्टरला अशिलाकडून थेट काम घेता येत नसे; ते सॉलिसिटरच्या हातून यावे लागे. थोरले बंधू कमरुद्दीन आधीच सॉलिसिटर झालेले असल्याने घरातूनच पाठबळ होते. पण भावाच्या आधारावर पंचवीस-तीस वर्षांची वकिली चालत नाही.

पुढे फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह जुळला. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, तिघेही वकिलीतलेच. 1885 मध्ये या तिघांच्या पुढाकाराने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली.

समाजातही त्यांनी जमातीची कुंपणे मानली नाहीत. 1874 मध्ये अंजुमन स्थापन झाली तेव्हा कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा महंमद अली रोगे त्यांच्यासोबत होते. 1880 मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. बद्रुद्दीन 1882 पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते. तेथील वजन आणि ओळखी त्यांनी स्वतःसाठी नव्हे, तर या शाळेसाठी खर्ची घातल्या असे म्हणावयास हरकत नाही.

खरी कसोटी लागली ती 1887-88 मध्ये. मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले, आणि त्याच सुमारास अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसला उघड विरोध पुकारला. कलकत्त्याचे सय्यद अमीर अली आणि नवाब अब्दुल लतीफ हेही दूरच राहिले. अशा वेळी माणूस एक तर गप्प बसतो, नाही तर वर्तमानपत्रांतून तोंडसुख घेतो. बद्रुद्दीन यांनी तिघांनाही पत्रे लिहिली, त्यांचे नेमके आक्षेप विचारले आणि आपली बाजू सौम्य शब्दांत मांडली. कोणाचेच मत बदलले नाही. परंतु मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तो विषय काँग्रेसने हाती घेऊ नये, असा नियम 1888 च्या अलाहाबाद अधिवेशनात झाला, त्यामागे हीच चर्चा होती.

1895 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. बॅरिस्टर दावर यांनी न्यायमूर्ती तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला आणि त्यांनी तो मंजूर केला. (हेच दावर पुढे न्यायमूर्ती झाले आणि 1908 मध्ये टिळकांना शिक्षा सुनावणारे ठरले!)

सर सय्यद 1898 मध्ये निवर्तले. त्यांनीच स्थापन केलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन 1903 मध्ये मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी बद्रुद्दीन तय्यबजी होते. ज्या पक्षाशी पंधरा वर्षे मतभेद राहिला, त्याच्याच व्यासपीठावर ते सन्मानाने बसले. तेथेही आपण काँग्रेसचे आहोत हे त्यांनी लपविले नाही. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला आणि पडद्याच्या अतिरेकावर बोलले. हे ऐकणे अनेकांना जड गेले असणार.

1906 च्या ऑगस्टमध्ये लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. अंजुमनचे अध्यक्षपद 1890 पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडेच होते.